बाळाकडे बघा, मॉनिटरकडे नको : एनआयसीयूतले आमचे २८ दिवस

मुलगी आता साडेतीन महिन्यांची आहे. म्हणजे जन्मतारखेने साडेतीन, डॉक्टरांच्या हिशोबाने पावणेदोन, कारण ती साडेसात आठवडे आधी आली आणि अशा बाळांचं वय काही काळ बाळंतपणाच्या मूळ डेटपासून धरतात. हे लिहायचं खूप दिवस मनात होतं पण हात धजत नव्हता. जूनमध्ये रात्री दोन वाजता एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर मिळेल ते वाचायचो, आकडे ढीगभर मिळाले, पण बापाने तिथे बसायचं कसं हे कुठे सापडलं नाही. म्हणून हे.

थोडं आधीचं सांगतो. मी दहा-अकरा वर्षं ध्यान करतोय. रोज पहाटे वीस मिनिटं, टायमर लावून, श्वासाकडे बघायचं, मन पळालं की परत आणायचं, बस एवढंच. पण त्यातून मला काहीतरी मिळवायचं होतं हे आता स्पष्ट दिसतं. सलग किती दिवस झाले याची नोंद ठेवायचो, एक दिवस चुकला की दिवसभर चिडचिड. आणि घरातल्या गडबडीपासून लांब, दार लावून बसायची एक जागा म्हणजे अध्यात्म, असं डोक्यात पक्कं होतं.

१ जूनला संध्याकाळी बायकोचं पाणी गेलं. डेट होती २६ जुलै. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला आईला दोन इंजेक्शनं देतो, २४ तासांच्या अंतराने, तेवढा वेळ मिळाला तर बाळाला खूप फायदा होईल. पहिलं त्याच रात्री आठला, दुसरं २ तारखेला रात्री आठला. मधल्या २४ तासांत मी देवाशी बोलणी केली. अक्षरशः बोलणी, व्यवहारात करतात तशी, हे सोडतो, ते करीन, फक्त तिला वाचव. वेळ मिळाला. ३ तारखेला रात्री ११ वाजून २० मिनिटांनी ती आली, वजन १,६४० ग्रॅम, रडली पण आवाज मांजराच्या पिल्लाएवढा, मला दहा सेकंद दाखवली आणि घेऊन गेले.

त्या रात्री सह्या किती केल्या याची गणतीच नाही. भरतीचा फॉर्म, एनआयसीयूचा वेगळा फॉर्म, सीपॅपची (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) संमती, रक्त द्यावं लागलं तर त्याची संमती. बाळाला अजून नाव नाही म्हणून सगळीकडे "बेबी ऑफ" आणि पुढे बायकोचं नाव, पायातल्या पट्टीवर पण तेच. एक सांगतो, पहिल्याच दिवशी एक फाइल करा आणि मिळेल त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. विमा असेल तर बाळाचं नाव त्यात किती दिवसांत घालायचं ते लगेच विचारा, कारण ती मुदत जन्माच्या दिवसापासून चालू होते आणि तुमचं लक्ष भलतीकडेच असतं. जन्माच्या नोंदणीचं पण तसंच. आणि खर्चाचा अंदाज दर दोन-तीन दिवसांनी लेखी मागा, त्यात काही गैर नाही, मी पहिला आठवडा संकोचाने विचारलंच नाही आणि रात्ररात्र नुसते अंदाज बांधत बसलो.

रजेचं मी चुकवलं. होती नव्हती ती सगळी रजा पहिल्या दहा दिवसांत टाकली, तेव्हा बाळ आत आणि मी बाहेर, बराचसा वेळ बाकावर. खरी गरज लागली ती बाळ घरी आल्यावर. कामाच्या ठिकाणी थोडं जुळवून घेता येत असेल तर निम्मी रजा मागे ठेवा.

बायकोचं बीपी उतरत नव्हतं, तिला पहिले तीन दिवस खाटेवरून उठू दिलं नाही. त्यामुळे आत जाणारा मी एकटा. हात धुवायला मला शिकवलं बाकावर शेजारी बसणाऱ्या एका बाबांनी. अंगठी काढा, घड्याळ काढा, कोपरापर्यंत साबण, नखांच्या खाली, घाई नको. त्यांचा मुलगा २६ आठवड्यांनाच जन्मलेला, आठशे ग्रॅमच्या आसपास, आमच्या शेजारच्याच पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये. ते मला रोज आधी विचारायचे, "तुमची कशी आहे आज?" आणि मग स्वतःच्या मुलाचं सांगायचे. मी मात्र पहिले काही दिवस उलटं विचारलंच नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

आत गेलं की डोळे आपोआप मॉनिटरकडे जातात. हृदयाचे ठोके १५०, ऑक्सिजन ९३, ९१, ८८, आणि अलार्म. बाळाने पाय हलवला की पायाला लावलेला सेन्सर सरकतो आणि आकडा कोसळतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तोपर्यंत प्रत्येक वेळी माझाच जीव जायचा. त्या काचेच्या पेटीसमोर मी तासन् तास उभा राहिलो असेन पण मुलगी दिसते कशी हे बायकोला नीट सांगता येत नव्हतं. तिने खाटेवरून विचारलं, "अरे, केस आहेत का तिला?" आणि मला उत्तर देता आलं नाही. ऑक्सिजन किती ते सांगितलं.

६ जूनला सकाळी सिस्टर म्हणाल्या, "बाबा, आज कांगारू केअर करायचं. शर्टची बटणं उघडा आणि बसा." आईला येता येत नसेल तर बापाने करायचं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी घाबरलो होतो, नाकात सीपॅपची नळी, तोंडातून पोटात नळी, हाताला सलाइन, हे सगळं सांभाळून दोन सिस्टरनी मिळून तिला माझ्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला, वरून कापड बांधलं. डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, तिथे पेट्या कमी पडत होत्या म्हणून आयांच्या अंगावरच बाळं ठेवायला लागले. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की आधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लवकरात लवकर हे चालू करा, दिवसाला आठ तासांपासून जमेल तितका जास्त वेळ. म्हणजे नाइलाजातून निघालेली गोष्ट आज पहिली पसंती झालीय.

मी तिला छातीवर घेऊन मॉनिटरकडेच बघत होतो. मान वाकडी करून. सिस्टरनी येऊन खुर्ची फिरवली, मॉनिटर माझ्या पाठीमागे गेला. म्हणाल्या, "मॉनिटरकडे बघायला आम्ही आहोत. तुम्ही बाळाकडे बघा."

मग बघितलं. केस होते. मानेवर, कानाच्या मागे, खांद्यावर पण बारीक लव. कान इतका मऊ की दुमडला तर तसाच राहत होता. आणि श्वास. तिचा श्वास माझ्या श्वासासारखा नव्हताच, भराभर आठ-दहा श्वास, मग थांबायची, पाच सेकंद, सहा सेकंद, काहीच नाही, मग परत भराभर. मी सिस्टरना हाक मारली. त्या म्हणाल्या, इतक्या लहान बाळांचा श्वास असाच असतो, थोडं थांबतात. वीस सेकंद थांबली किंवा रंग बदलला तर ते वेगळं, तेव्हा तळपायाला हळूच चोळायचं. तिच्या मेंदूतलं श्वास घ्यायला सांगणारं केंद्र अजून तयार होतंय, म्हणून तिला रोज कॅफिन पण देतोय.

दहा वर्षं मी श्वासाकडे बघत होतो. त्या सहा सेकंदांत जसं बघितलं तसं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मन पळालं नाही. परत आणायचा प्रश्नच आला नाही. आणि त्यातून मला काही मिळावं असं मनात नव्हतं, फक्त पुढचा श्वास यावा, आणि तो आणणं माझ्या हातात नव्हतं. तो यायचा. मग परत थांबायचा. एक तास दहा मिनिटं मी तसा बसलो होतो, पाय बधिर झाले होते, ते उठल्यावर कळलं.

(जाणार असाल तर पुढून बटणं असलेला सैल शर्ट घाला, अत्तर-डिओ काही लावू नका, पाणी प्या, आणि आधी लघवीला जाऊन या. बाळ झोपलं की तासभर तरी हलवू देत नाहीत आणि हलवावंसंही वाटत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने गेलो तर कावीळ वाढलेली. निळ्या दिव्याखाली ठेवली, डोळ्यांवर पट्टी, दोन दिवस बाहेर काढायची नाही. कावीळ अशा बाळांना हमखास होते आणि त्या प्रकाशाने त्वचेतलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात बदलतं, हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, तरी माझा राग अनावर झाला आणि तो निघाला बिलिंगच्या काउंटरवर, एका सहीसाठी तिसऱ्यांदा परत पाठवलं म्हणून. मी ओरडलो. समोरचा मुलगा बावीस-तेवीसचा असेल, त्याचा हात थरथरत होता. रात्री बाकावर बसल्यावर तो हात डोळ्यांसमोरून जाईना. सकाळी वर माझ्या मुलीची दोन बोटांएवढी छाती हलताना बघून मी विरघळतो आणि खाली एका कुणाच्यातरी मुलावर गुरकावतो, हे एकाच माणसात कसं काय राहतं. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. तो "राहू द्या सर" एवढंच म्हणाला आणि सहीचा कागद पुढे केला.

वजन उतरत १,५१० वर गेलं. पहिल्या आठवड्यात उतरतंच, जन्माच्या वजनावर परत यायला अशा बाळांना दोन आठवडे लागू शकतात, पण ते ऐकणं वेगळं आणि रोज वहीत लिहिणं वेगळं. मी वही केली होती, चार रकाने, वजन, दूध किती मिली, ऑक्सिजन, श्वास थांबल्याचे प्रसंग. ९ जूनला बायको पहिल्यांदा व्हीलचेअरवरून आली आणि तिने अर्धा तास मुलीकडे बघून मला सांगितलं, "डावा हात सारखा कानाशी नेते, बघितलंस का?" मी सहा दिवस बघत होतो आणि ते बघितलं नव्हतं. त्या दिवशी वहीत पाचवा रकाना आखला. त्यात रोज एकच ओळ लिहायची, आज काय केलं तिने.

दुधाचं सांगायलाच हवं. पोटातले दिवस धरून ३४ आठवड्यांच्या आसपास होईपर्यंत चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बाळाला जमत नाही, म्हणून आईचं दूध काढून नळीतून द्यायचं. सुरुवातीला ५ मिली, दर दोन तासांनी. सिस्टरनी मला शिकवलं. सिरिंजचा दांडा काढून टाकायचा, नुसती नळकांडी नळीला जोडायची, त्यात दूध ओतायचं आणि उंच धरायचं. दूध आपल्या आपण उतरतं. हात वर नेला तर जोरात, खाली आणला तर सावकाश. पहिल्यांदा दूध उतरेचना, मी म्हटलं दांडा लावून थोडं ढकलू का, तर सिस्टर एकदम म्हणाल्या, "ढकलायचं नाही बाबा, कधीच नाही. नुसतं धरायचं." मग मी धरून उभा राहिलो. बारीकशी पातळी रेघारेघाने खाली सरकताना, मध्येच थांबताना, परत सरकताना. पाच मिलीला पंधरा मिनिटं. बायको तासभर बसून, दुखत असताना, जे काढायची ते ते पाच मिली, आणि त्यातला एक थेंब सांडला तर मला गुन्हा केल्यासारखं व्हायचं. माझ्या स्वभावात ढकलणं फार आहे, कामात, नात्यात, ध्यानातसुद्धा. रोज सहा-सात वेळा हात वर धरून उभं राहायचं, आणि दूध आपल्या गतीने उतरणार.

१२ जूनला सकाळी गेलो तर शेजारची पेटी रिकामी होती. स्वच्छ पुसलेली, कापड बदललेलं. मी सिस्टरकडे बघितलं, त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या कामाला लागल्या, त्यांचेही डोळे लाल होते. बाकावर ते बाबा नव्हते. त्यांचं नावही मी कधी विचारलं नव्हतं, फोन नंबर तर दूरच.

त्या दिवशी मला देवाशी काही बोलता येईना. माझा व्यवहार झाला आणि त्यांचा झाला नाही, असं म्हणायचं का? त्यांनी माझ्यापेक्षा कमी मागितलं असेल का? तो माणूस रोज आधी माझ्या मुलीची चौकशी करायचा. १ तारखेपासून मी ज्या पद्धतीने प्रार्थना करत होतो ती पद्धत त्या पेटीसमोर उभं राहून संपली. दुसरी काही लगेच सुचली नाही. दोन-तीन दिवस नुसता हात धुवायचो, त्यांनी शिकवलं तसा, अंगठी काढून, कोपरापर्यंत, घाई न करता, आणि ते करताना त्यांची आणि त्या बाळाची आठवण काढायचो. मग आत जाता जाता प्रत्येक पेटीजवळून जाताना मनात म्हणायचो, बरं असू दे. अकरा पेट्या होत्या. आमची सातवी. बाकावर नवीन कुणी आलं की आता मी आधी विचारायला लागलो.

१६ तारखेला वजन परत १,६४० झालं. २१ ला पोटातली नळी निघाली, ती अंगावर प्यायला लागली, दमायची, मध्येच झोपायची, पण प्यायची. आता राहिलं एकच, श्वास. घरी सोडायला आमच्याकडे नियम होता सलग सात दिवस श्वास थांबल्याचा एकही प्रसंग नको. शेवटचा प्रसंग १८ ला झाला होता. १९, २०, २१, २२, २३ कोरे. पाच दिवस. मी घरी पाळणा लावून आलो, चादरी धुवून घेतल्या. २३ च्या रात्री अकराला ती झोपेत थांबली, २२ सेकंद, रंग गेला, सिस्टरनी तळपाय चोळला, परत आली. मोजणी शून्यावर.

मला ध्यानाचे ते सलग दिवस आठवले. एक चुकला की मी स्वतःवर चिडायचो, सगळं वाया गेलं म्हणायचो. आता तिच्याकडे बघून कोण म्हणेल की पाच दिवस वाया गेले? ते पाच दिवस ती जगली होती, प्यायली होती, १४० ग्रॅमने वाढली होती. तिला मोजणी माहीतच नव्हती. २४ ला सकाळी ती भूक लागली म्हणून उठली, रोजच्यासारखी. मी त्या दिवशी वहीत श्वासाच्या रकान्यात "१" लिहिलं आणि पाचव्या रकान्यात "जांभई देताना भुवया वर जातात". त्यानंतरची मोजणी सिस्टरच ठेवत होत्या, मी ठेवली नाही.

३० ला कानांची तपासणी झाली, डोळ्यांच्या पडद्याची पण. आधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात म्हणून ही साधारण चौथ्या आठवड्यात करतात, आणि पुढचं बोलावणं आलं तर काही झालं तरी तारीख चुकवायची नाही, उशीर झाला तर नजरेचं नुकसान होऊ शकतं. १ जुलैला २,०७० ग्रॅमची मुलगी घेऊन आम्ही निघालो. डिस्चार्जच्या कागदांना चार तास लागले, तेवढे धरूनच चला. लसींचं वेळापत्रक, औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं एकेक करून लिहून घ्या, तेव्हा कळलंय असं वाटतं पण घरी आल्यावर काही आठवत नाही.

घरची पहिली रात्र त्या २८ रात्रींपेक्षा अवघड गेली. शांतता होती. बीप नाही, सिस्टर नाही. ती श्वास घ्यायची, थांबायची, मी उठून बसायचो. तीन वाजता बायको म्हणाली, "झोप रे. आता मी बघते, मग तू बघ." त्या रात्रीपासून आमच्या पाळ्या लागल्या, दर तीन तासांनी दूध, ढेकर, लंगोट, परत झोपवणं. पहाटेचं ध्यान जवळजवळ बंद आहे. टायमर नाही. चार-साडेचारला ती उठते, तिला उताणं ठेवून लंगोट बदलतो, ती दिव्याकडे बघते, मी तिच्याकडे. जुलै-ऑगस्टमध्ये रडणं खूप वाढलं, काही संध्याकाळी दोन-दोन तास, कशानेच थांबायची नाही. अशा वेळी मला स्वतःचीच भीती वाटायची, हात घट्ट व्हायचे. डॉक्टरांनी घरी जातानाच बजावलं होतं, बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, राग आला तर तिला सुरक्षित खाली ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. मी दोनदा गेलो. भिंतीला डोकं टेकवून उभा राहिलो आणि परत आलो. हे सांगायला लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटू देऊ नका.

डॉक्टर म्हणाले होते, मूळ डेटपासून सहा आठवड्यांच्या आसपास ओळखीचं हसू येतं, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मी वाट बघायला लागलो. तोंड तिच्या समोर नेऊन आवाज काढायचो, गाणी म्हणायचो. बायको पण. ५, ६, ७, ८ तारीख गेली.

९ सप्टेंबरला दुपारी मी तिला खांद्यावरून खाली गादीवर ठेवली. खिडकी उघडी होती, वाऱ्याने पडदा हलला, उजेडाची पट्टी भिंतीवरून सरकली. ती तिकडे बघून हसली. तोंड उघडून, भुवया वर नेऊन, सगळ्या चेहऱ्याने. परत पडदा हलला, परत हसली. मी तिच्या डोक्याच्या बाजूला होतो, तिला दिसत नव्हतो. हाक मारली नाही. पडदा हलायचा थांबेपर्यंत तिथेच बसलो. मग वही काढली. वजनाचा रकाना जुलैपासून रिकामाच आहे. पाचव्यात लिहिलं, "पडद्याकडे बघून हसली."